नागपूरहून नदीकाठचे किल्ले पाहायला निघताना: वैनगंगा, इरई आणि वर्धेच्या काठची वाट

सह्याद्रीतल्या गडांची सवय असलेला माणूस पवनीला किंवा चंद्रपूरला पोचला की आधी गोंधळतो. चढ नाही, माची नाही, बालेकिल्ला नाही. बस थेट तटाच्या आत जाते, वेशीखालून ऑटो पळतात, आणि खंदक म्हणून जो दिसतो तो तलाव असतो नाहीतर नाला. अर्ध्या तासात 'इथं काही उरलं नाही' असं म्हणून लोक परत फिरतात. हे होऊ नये म्हणून एकच गोष्ट लक्षात ठेवा: नागपूरच्या दक्षिणेकडचे हे किल्ले भुईकोट आहेत, आणि त्यांचं अर्धं बळ दगडात नसून पाण्यात होतं. इथे आधी नदी पाहायची, मग तट. कधी जायचं, कोणत्या दिशेने शिरायचं आणि कधी घरीच थांबायचं, हे सगळं नदीच ठरवते.

१. एका दिवसाला एकच नदी

नवख्यांची पहिली चूक म्हणजे एका दिवसात पवनी, चंद्रपूर आणि बल्लारपूर असा बेत आखणं. नकाशावर जमतं, उन्हात जमत नाही. अशी विभागणी करा:

- वैनगंगा: पवनी. नागपूरहून उमरेड–भिवापूर मार्गे साधारण ८० किमी. एक पूर्ण दिवस.
- इरई, झरपट आणि वर्धा: चंद्रपूर आणि बल्लारपूर. नागपूर–चंद्रपूर बुटीबोरी, जाम, वरोरा मार्गे सुमारे १५० किमी. एक मुक्काम धरा.
- अर्धा दिवस असेल तर नगरधन. रामटेकच्या दक्षिणेला, आठ-नऊ किमीवर.
- गडचिरोली जिल्ह्यातलं वैरागड (आरमोरी तालुका) दुसऱ्या फेरीसाठी ठेवा. खोब्रागडी आणि सातनाला या नद्यांजवळचा हा किल्ला एके काळी हिऱ्यांच्या खाणींसाठी प्रसिद्ध होता. पण झाडी दाट आहे आणि अंतर मोठं.

पहिल्यांदाच जात असाल तर पवनीपासून सुरुवात करा. गाव आटोपशीर आहे, त्यामुळे नदी, खंदक आणि तट यांचं नातं तिथे एका फेरीत कळतं. ते डोळ्यांत बसलं की चंद्रपूरचा पसारा वाचता येतो.

२. महिना निवडा

डिसेंबर आणि जानेवारी सर्वांत चांगले. ऑक्टोबरात पाऊस थांबलेला असतो, म्हणून लोक लगेच निघतात आणि फसतात. तटावर कमरेएवढं गवत उभं असतं, खालचे दगड, विहिरींची तोंडं, खचलेल्या फांजीतली (तटावरून चालायच्या वाटेतली) भोकं, काहीच दिसत नाही. नोव्हेंबरच्या शेवटी गवत वाळून आडवं होतं, तेव्हा तटाची रेषा उघडी पडते. डिसेंबरात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि साडेपाचनंतर थोड्याच वेळात मावळतो, म्हणून नागपूर पहाटे पाचला सोडा.

फेब्रुवारीच्या मध्यानंतर सकाळी दहापर्यंत जेवढं होईल तेवढंच. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. दगडी तट दिवसभर तापतो आणि संध्याकाळीही धग सोडत राहतो, म्हणजे 'ऊन उतरल्यावर जाऊ' हा हिशेबही चुकतो. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत कडक नऊ दिवसांत, तर विचारच करू नका.

चैत्र पौर्णिमेच्या सुमाराला चंद्रपुरात महाकालीची यात्रा भरते. नांदेडपासूनचे भाविक येतात, झरपटीचा काठ माणसांनी भरून जातो. यात्रा पाहायची असेल तर जरूर जा, पण त्या दिवसांत किल्ला पाहणं होणार नाही.

३. जून ते ऑक्टोबर: निघण्याआधी धरण तपासा

या टप्प्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होतं आणि खरा धोका इथेच आहे. नागपुरात कडक ऊन पडलं आहे म्हणून पवनीच्या घाटावर पाणी नसेल, असं समजू नका. वैनगंगेचा पूर बहुतेक वेळा वरून, मध्य प्रदेशातून येतो. सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून पाणी सोडलं की ते वैनगंगेने खाली येतं. पेंच आणि तोतलाडोहचं पाणी कन्हानमार्गे अंभोऱ्याजवळ वैनगंगेला मिळतं. ऑगस्ट २०२० च्या अखेरीला असंच झालं आणि भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या तिन्ही जिल्ह्यांत गावं पाण्याखाली गेली.

नकाशा उघडून एक गोष्ट पक्की करून घ्या: अंभोरा गोसीखुर्द धरणाच्या वर आहे आणि पवनी खाली. धरणाला ३३ दरवाजे आहेत. ते उघडले की पवनीच्या घाटांच्या खालच्या पायऱ्यांवर पाणी चढायला फार वेळ लागत नाही. म्हणून निघायच्या आदल्या रात्री आणि सकाळी, दोनदा, जिल्हा प्रशासनाची पूरसूचना बघा. आकडे वाचताना एकक नीट पाहा. विसर्ग कधी क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट) देतात, कधी क्युमेकमध्ये (सेकंदाला घनमीटर). एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक. '५,०००' हा आकडा क्युमेकमध्ये असेल तर तो पावणेदोन लाख क्युसेक झाला. आकडा लहान दिसतो म्हणून निर्धास्त होणारे खूप आहेत.

चंद्रपूरचं गणित वेगळं आहे. शहर इरई आणि झरपट यांच्या संगमाजवळ वसलं आहे आणि इरई पुढे वर्धेला मिळते. वर्धा फुगलेली असली की इरईचं पाणी पुढे सरकत नाही, ते मागे तुंबतं. त्यात इरई धरणातून पाणी सोडलं तर परकोटाबाहेरच्या, म्हणजे शहराच्या तटाबाहेरच्या, नदीकाठच्या वस्त्यांत ते शिरतं. जुलै २०२२ मध्ये लोकांना तिथून हलवावं लागलं होतं. म्हणून चंद्रपूरला जाताना इरईसोबत वर्धेचीही पातळी बघा.

रस्त्यात रपटा (ओढ्यावरचा बुटका पूल) लागला आणि त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका. पाण्याखाली रपट्याची कड तुटली आहे की नाही हे वरून कळत नाही. समोरची एसटी गेली, हे कारण तुमच्या गाडीला लागू पडत नाही. एसटीचं वजन आणि उंची दोन्ही वेगळी असतात.

४. कागदपत्रं आणि पिशवी

- सरकारी ओळखपत्र, मूळ प्रत. नागपुरातल्या सीताबर्डी किल्ल्यासाठी हवंच, मुक्कामालाही लागतं.
- पाणी: हिवाळ्यात अर्ध्या दिवसाला माणशी २ लिटर, फेब्रुवारीनंतर ४ लिटर. सोबत ओआरएसच्या दोन पुड्या.
- घोटा झाकणारे बूट आणि जाड फुलपँट. तटावर रेंगणी आणि बोरीचे काटे असतात.
- हातभरापेक्षा लांब काठी, पाऊल टाकण्याआधी गवत आपटायला.
- विजेरी. मोबाइलचा उजेड बावडीच्या (पायऱ्यांच्या विहिरीच्या) तळाशी पुरत नाही.
- दुपट्टा, सुटे पैसे, आणि फोनमध्ये आधीच उतरवून घेतलेला नकाशा.

ड्रोन घरी ठेवा. चंद्रपूर, बल्लारपूर आणि वैरागड हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित किल्ले आहेत. मोबाइलने फोटो काढता येतात, पण ट्रायपॉड लावून चित्रीकरण करायचं असेल तर आधी खात्याच्या नागपूर मंडळाची परवानगी लागते. संरक्षित वास्तूचं नुकसान केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यात दगडावर नाव कोरणंही आलं.

पावसाळ्याच्या शेवटी कन्हार (काळ्या, चिकट) जमिनीतून चालावं लागलं तर बुटांना मातीचे गोळे चिकटतात आणि ओल्या दगडावर पाय सटकतो. तटावर चढण्याआधी तळवे खरवडून घ्या. किरकोळ वाटतं, पण पडण्याचं नेहमीचं कारण हेच.

५. पवनी: आधी घाट, मग तट

नागपुरातल्या गणेशपेठच्या बसस्थानकावरून उमरेडमार्गे पवनीची एसटी मिळते. उतरल्यावर बाजारात रेंगाळू नका, सरळ वैनगंगेच्या घाटाकडे जा. सकाळच्या उजेडात नदीचं पात्र, उंच काठ आणि गावाची उंची एका नजरेत येतात. गावाच्या एका बाजूला नदी आणि बाकी तीन बाजूंना मातीचा तट नि खंदक, अशी ही रचना आहे. घाटावर ढिवर (मासेमार) मंडळी डोंगे सोडत असतील तर त्यांना विचारा, 'मागच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं?' ते पायरी दाखवतील. ती पायरी मनात ठेवून मग गावात चढा, म्हणजे वस्ती इतक्या उंचावर का बसवली ते कळतं.

त्यानंतर तटाची फेरी. इथला जुना तट मातीचा आहे, त्यामुळे अनोळखी माणसाला तो टेकाड वाटतो. ओळखायची खूण सोपी: टेकाड वळत वळत गावाला वेढतं आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला सलग सखल पट्टा किंवा पाणी असतं. तो सखल पट्टा म्हणजे खंदक. बालसमुद्र तलाव पाहाल तेव्हा ही गोष्ट ध्यानात असू द्या. पावसाळ्यानंतर मातीच्या तटाच्या कडा भुसभुशीत असतात. कडेपासून दोन हात आत चाला.

पवनीचं मोठेपण मध्ययुगीन किल्ल्यापुरतं नाही. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या सुमारास नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं आणि प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला. तट पाहून झाल्यावर टेकडीसाठी किमान एक तास ठेवा. लोक हे उलट करतात, दुपारच्या उन्हात तटाकडे वळतात आणि कंटाळून बस गाठतात.

६. चंद्रपूर: परकोट दोन हिश्श्यांत

रेल्वेने येत असाल तर स्थानकाचं नाव नीट वाचा. चांदा हे चंद्रपूरचंच जुनं नाव, म्हणून 'चांदा फोर्ट' या नावाने बरेच जण फसतात. ते गोंदिया–बल्लारशाह मार्गावरचं स्थानक आहे. नागपूरहून वर्धामार्गे येणाऱ्या गाड्यांसाठी 'चंद्रपूर' स्थानकाचं तिकीट काढा.

गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाने बल्लारपूरहून राजधानी इथे आणली आणि तटाची आखणी केली. बांधकाम पुढच्या राजांच्या काळात पूर्ण झालं. स्थानिक लोक 'किल्ला' कमी म्हणतात, 'परकोट' जास्त. रस्ता विचारताना तोच शब्द वापरा. संपूर्ण घेर ११ किमीच्या आसपास आहे. एका दमात चालू नका. सकाळी अर्धा, दुसऱ्या सकाळी उरलेला.

मुख्य वेशी चार: उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला बिनबा. शिवाय बगड, हनुमान, विठोबा अशा नावांच्या खिडक्या, म्हणजे तटातले लहान दरवाजे. सकाळी साडेसहाला जटपुऱ्यापासून सुरू करा. नऊनंतर तिथे वाहनांची इतकी कोंडी होते की मान वर करून शिल्प पाहणं अशक्य. वेशीवर हत्तीवर मात करणाऱ्या सिंहाचं शिल्प शोधा. ते गोंड राजसत्तेचं चिन्ह आहे. एकदा नजरेत बसलं की पुढे जिथे जाल तिथे ते आपोआप दिसायला लागतं.

तिथून पूर्वेला अंचलेश्वरकडे. या वेशीसाठी दीड तास राखून ठेवा, कारण चंद्रपुरातलं सर्वांत सुंदर काम इथे आहे. अंचलेश्वराच्या देवळाशेजारी गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांत बीरशहाची समाधी राणी हिराईने बांधून घेतली. राजाच्या मृत्यूनंतर राज्याचा कारभार तिनेच सांभाळला. समाधीच्या जवळून फिरताना चप्पल-बूट बाहेर काढा आणि ओट्यावर बसून डबा उघडू नका. गोंड समाजासाठी ही आजही श्रद्धेची जागा आहे. वेशीबाहेर झरपट वाहते. पावसाळ्याबाहेर तिचा नाला झालेला दिसतो आणि वाईट वाटतं. पण काठावर उभं राहून तटाकडे वळून पाहा: पूर्वेला झरपट, पश्चिमेला इरई, दक्षिणेकडे दोघींचा संगम. शत्रूला कोरडी वाट फक्त उत्तरेकडून होती. इंग्रजांनी चांद्याला वेढा घालून किल्ला घेतला तो मे १८१८ मध्ये, म्हणजे नद्या आटलेल्या असताना.

दुसऱ्या सकाळी पठाणपुरा ते बिनबा. बिनबा वेशीतून बाहेर पडलं की इरईचं पात्र लागतं. इथे तटाच्या पायथ्याचे आणि वरचे दगड तुलना करत पाहा. दगडांच्या सांध्यांतून पिंपळाची मुळं शिरलेली दिसतील. किल्ल्याचा खरा शत्रू तोच. मूळ जाड होतं, सांधा उघडतो, पावसाचं पाणी आत शिरून चुना वाहून जातो आणि एक दिवस पाच-सहा हात तट एकदम बसतो. अशा फुगलेल्या भागाखाली उभं राहू नका आणि त्यावरून चालूही नका. परकोटाच्या बऱ्याच भागावर आज चालता येतं ते 'इको-प्रो' या संस्थेच्या तरुणांनी २०१७ पासून श्रमदानाने झाडी आणि कचरा काढला म्हणून. त्यांच्यासोबत किल्ला फिरता आला तर एकट्याने फिरण्यापेक्षा दसपट कळतं.

राजवाडा कुठे, असं सगळेच विचारतात. गोंड राजांच्या जुन्या वाड्याच्या जागी जिल्हा कारागृह आहे. १८५७-५८ च्या उठावातले बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. बाहेरून नमस्कार करा, पण कॅमेरा पिशवीतच राहू द्या. कारागृहाचे फोटो काढायला बंदी आहे.

वेळ उरला तर लालपेठला जा. कोळसा खाणींच्या परिसरात प्रचंड एकसंध दगडांत कोरलेल्या मूर्ती उघड्यावर आहेत, त्यांत दहा तोंडांची दुर्गा. रायप्पा नावाच्या माणसाने मोठं देऊळ बांधायचं म्हणून त्या घडवल्या आणि देऊळ झालंच नाही, असं सांगतात.

७. बल्लारपूर: वर्धेच्या काठावरचा दरवाजा

चंद्रपूरहून १५-१६ किमी. ऑटो आणि बस दोन्ही मिळतात. हा किल्ला चंद्रपूरपेक्षा लहान आणि जुना, पण नदीशी अधिक लगट करून असलेला. दोन मुख्य दरवाजे एकमेकांशी काटकोनात आहेत, म्हणजे बाहेरचा दरवाजा फोडून आत धावलेल्याला लगेच वळावं लागतं. हत्तीची धडक आणि माणसांचा लोंढा दोन्ही त्या वळणावर मंदावतात. आत शिरताना दाराच्या दोन्ही बाजूंना देवड्या (पहारेकऱ्यांच्या बसायच्या जागा) आणि अडसराची भोकं पाहा. राणीमहालाचे अवशेष आत आहेत.

वर्धेच्या बाजूचा लहान दरवाजा चुकवू नका. पाण्यासाठी, आणि वेळ आलीच तर निसटण्यासाठी नदीकडे उघडणारी ही वाट. इथे कडेला जाळी किंवा कठडा असेल या भरवशावर राहू नका. मुलांचा हात धरा. वर्धेचा काठ खालून पोखरलेला असतो, वरून घट्ट दिसतो आणि पाय देताच सुटतो. नदीत उतरून पोहण्याचा मोह अजिबात नको, रेतीउपशामुळे पात्रात अचानक खोल डोह लागतात.

८. नागपुरात आणि जवळ

सीताबर्डी किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि सर्वसामान्यांसाठी वर्षातून तीनच दिवस उघडतो: २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. रांग मोठी असते, सकाळीच पोचा. प्रवेशाच्या वेळा आणि आत काय नेता येईल याच्या सूचना आदल्या दिवसाच्या वर्तमानपत्रात पाहून घ्या. २६-२७ नोव्हेंबर १८१७ ला आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई या टेकड्यांवर झाली. नागपूरच्या सपाट भूमीवर ही उंची हातात असणं म्हणजे काय, हे वर गेल्यावरच समजतं.

महाल या जुन्या वस्तीतला भोसल्यांचा वाडा आणि गोंड राजाचा किल्ला पाहायचा असेल तर रविवारी सकाळी, दुकानं उघडण्याआधी पायी फिरा. या जागा वारसदारांच्या आहेत, लोक तिथे राहतात. दार उघडं दिसलं म्हणून आत शिरू नका. विचारा, नाही म्हटलं तर बाहेरून पाहा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते, त्या दिवशी महालात गाडी नेऊ नका.

नगरधन मात्र निवांत आहे. वाकाटकांची नंदिवर्धन ही राजधानी ती हीच, असं मानतात. आजचा तट भोसल्यांच्या काळातला. जवळच्या उत्खननात राणी प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. आतल्या बावडीत उतरताना आधी काठीने पायऱ्या आपटा, मग विजेरी लावा, मग पाऊल टाका. या क्रमात बदल नको.

९. तीन धोके, तीन उपाय

आग्या मोहोळ: वेशींच्या कमानीखाली आणि बुरुजांच्या सावलीत पोळी असतात. अत्तर लावून जाऊ नका, विडी-सिगारेट पेटवू नका, खडा तर मुळीच मारू नका. माश्या उठल्या तर हात न झटकता तोंड दुपट्ट्याने झाकून बंद गाडीकडे किंवा खोलीकडे पळा. काटा चिमटीत न धरता नखाने खरवडून काढा.

साप: घोणस पाचोळ्यात पडून राहतो आणि हलत नाही. दंश झाला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यांत वेळ घालवू नका. दंश झालेला भाग स्थिर ठेवा, १०८ ला फोन करा, जवळचं शासकीय रुग्णालय गाठा.

वीज: पावसाळ्याच्या आधी आणि नंतर दुपारी ढग भरून येतात. गडगडाट ऐकू आला की बुरुजावरून उतरा. एकाकी झाडाखाली उभं राहण्यापेक्षा गाडीत बसलेलं बरं.

१०. परतल्यावर

तट कुठे नव्याने ढासळलेला दिसला, कुणी दगड काढून नेताना आढळलं, तर जागेचा फोटो, तारीख आणि जवळची खूण लिहून पुरातत्त्व खात्याच्या नागपूर मंडळाला कळवा. 'बिनबा वेशीच्या डावीकडे पन्नास पावलांवर' अशी खूण असली तर कर्मचाऱ्याला जागा सापडते. नुसतं 'किल्ल्याची दुरवस्था' लिहिलेल्या तक्रारीचा उपयोग होत नाही. आणि पाहिलेल्या प्रदेशातली शिल्पं, नाणी, ताम्रपट निवांत बघायचे असतील तर १८६३ साली सुरू झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, दोन तास काढून जा. सोमवारी ते बंद असतं.